फारुखच्या हातचं झाड

अकोटात फारुख कोणाच्या अंगणात येऊन गेला, हे विचारावं लागत नसे. रस्त्यावरून मान वर केली की कळायचं. झाडाच्या पोटातला सगळा गिचमिडा गेलेला, फांद्या खराट्याच्या काडीसारख्या सोललेल्या, आणि खाली उजेड असा की बाईनं अंगणात बसून डाळीतले खडे निवडावेत. लोक खूश असायचे. झाड म्हणजे त्यांच्या लेखी डोईवरचे केस. न्हाव्यानं साफ केले की माणूस जरा बरा दिसतो, तसं.

फारुखचा बाप जिनात कामाला होता. कापसाची रुई उडायची ती नाकातोंडातून छातीत जाऊन बसली, आणि शेवटी शेवटी म्हातारा बोलायचा कमी आणि खोकायचा जास्त. तेव्हाच फारुखनं ठरवलं की छपराखालचं काम करायचं नाही. चढता येत होतं, कुऱ्हाड आणि आरी चालवता येत होती. लागला लोकांच्या घरची झाडं छाटायला. शिकवणारं कोणी नव्हतं. लोकांनी ज्याला वाहवा म्हटलं तेच तो शिकत गेला, आणि आपण सगळे असेच शिकतो म्हणा.

दोरी मात्र कायम त्याच्या बायकोच्या हातात. गुलनार खाली उभी राहायची, दोरीचा एक वेढा कमरेला, आणि तोंड सतत चालू. "डावा पाय संभाळा. अवो, डावा म्हनतो मी, जेवता तो नाही, दुसरा." वरून फारुख ओरडायचा, "पायानं कोण जेवते व?" रस्त्यावरची माणसं हसत जायची. पण दोरी कधी ढिली सोडली नाही तिनं.

आता या कामाचा एक रिवाज होता. लाकूड घरवाल्याचं, पाला फारुखचा. त्याच्याकडे बकऱ्या होत्या, आणि कडुनिंबाचा कोवळा पाला म्हणजे बकरीला जिलबी. कोवळा पाला कुठं असतो? झाडाच्या पोटात, बुंध्याजवळ, जिथं नवे फुटवे येतात. हाताला लागतो, चढायला सोपं. फांदीच्या टोकालाही पाला असतोच, पण तिथवर सरपटत जाणार कोण? म्हणून दरसाल मृग लागायच्या आत फारुख यायचा, आतलं सगळं साफ करायचा, भारे बांधायचा. घरवाल्याला उजेड, बकरीला पाला, फारुखला नाव. तिन्हीकडे आनंद. झाडाला कोणी विचारलं नाही.

पावसात मात्र तो आरीला हात लावायचा नाही. "ओली जखम सडते," म्हणायचा. हे त्याचं वाक्य सगळ्या अकोटात पाठ झालं होतं.

त्या आषाढात झड लागली. झड म्हणजे आमच्याकडे नुसता पाऊस नाही. सूर्य कुठं गेला ते कळत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंती घामेजतात, आणि माणसं एकमेकांवर विनाकारण चिडतात. त्यातून अलीकडे झडीतच वारंही सुटतं. पूर्वी वारं आधी यायचं, धूळ उडवून निघून जायचं, मग शांत पाऊस. आता दोघं हातात हात घालून येतात.

अशात हिवरखेडच्या खुशालरावांचा फोन आला. वयस्कर शेतकरी, गमत्या माणूस. "फारुख, तुह्या हातचं झाड बसलं बाप्पा खाली. येऊन पाह्य."

फारुख आरी पिशवीत टाकून एस.टी.नं गेला. अंगणातल्या मोठ्या निंबाची एक आडवी फांदी मोडून पडली होती, आणि तिच्याखाली खुशालरावांची बाज. रोज दुपारी ते त्या बाजेवर आडवे होत. त्या दिवशी गोठ्यात पाणी शिरलं म्हणून उठून पाहायला गेले, तेवढ्यात. बाजेची चौकट तुटून चिखलात गेली होती. चारी पाय मात्र उभे होते.

"बाजीचे पाय वाचले," खुशालराव म्हणाले, "आन माहे बी." हसले, पण हसताना हात धोतराच्या निऱ्यांशी चाळा करत होता. "वादळ बी नोयतं रे. वारं असं आलं जसं कोनी फुंकर घातली. काऊन पडली मंग?"

"सडली असंल काका."

"पाह्य ना मंग सडली का."

फारुख खाली बसला. लाकूड सडलं नव्हतं. पिवळं, घट्ट, ताजं लाकूड, गव्हाच्या पोळीसारखं. त्यानं फांदीवरून बुडापासून टोकापर्यंत हात फिरवत नेला. इथं गाठ, ही त्याच्या आरीची. इथं गाठ, हीही त्याचीच. हात चालत राहिला, चालत राहिला, आणि सगळी फांदी उघडी काठी. पाला कुठं? शेवटी, टोकाला. तिथं मात्र एवढा मोठा झुपका, पावसानं निथळणारा. आतला पाला दरसाल नेल्यावर झाड जगायला म्हणून टोकाकडे पळत गेलं होतं. लांब काठीच्या शेंड्याला ओली गोधडी बांधावी आणि काठी एका हातानं आडवी धरावी, तसं ते झाड इतके दिवस धरून उभं होतं. मनगट किती दिवस टिकणार?

"काय रे, काऊन चुप झाला?" खुशालराव म्हणाले.

फारुखनं झाडाच्या उरलेल्या फांद्यांकडे पाहिलं. सगळ्या तशाच. "काका, या अंगनात बसू नका. कोनालेच बसू देऊ नका. वारं थांबलं की मी येतो."

"आन पाला? पाला नाही नेत आज?"

फारुखनं पाला नेला नाही. खुशालरावांना तेवढ्यावरून कळलं की काहीतरी बिघडलंय. या माणसानं पाला सोडलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

परतीच्या एस.टी.त तो खिडकीशी बसला. काचेवर पाणी, पलीकडे काळी रानं तुडुंब. एकेक घर मागं जात होतं आणि प्रत्येक अंगणातलं झाड तो नव्यानं पाहत होता. आणि अकोट जवळ आलं तसं एकच झाड डोळ्यांपुढं उभं राहिलं. जमुनाबाईचा निंब. त्याची मागची फांदी सरळ टिनाच्या खोलीवर गेलेली. आणि त्या खोलीत जमुनाबाईची लेक आचल, पहिलटकरीण, नुकतीच बाळंत झालेली.

फारुख घरी गेलाच नाही. स्टँडवरून सरळ जमुनाबाईच्या दारात.

जमुनाबाई म्हणजे भली बाई, पण भलेपणाला आवाज मोठा. नवरा गेल्यापासून घर तिनंच ओढलं. मुलगा श्याम चांदूर रेल्वे गावी नोकरीवर, झडीत तिकडेच अडकलेला. ती दारात उभी राहून म्हणाली, "काय रे, भूत पाह्यलं का वाटेत?"

"काकू, आचलले त्या खोलीतून काहाडा."

"काऊन?"

"वरची फांदी पडनार हाय."

जमुनाबाईनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग झाडाकडे. "परवा परवा तर तू साफ करून गेला. सारी गल्ली म्हने, काय मस्त झालं झाड."

"तेच तर झालं काकू." आणि त्यानं हिवरखेडचं सगळं सांगितलं. बाज सांगितली. काठी आणि ओली गोधडी सांगितली.

तो बोलत असताना दोघं मागच्या अंगणात आली होती. फारुख फांदीखाली गेला आणि जिथं ती बुंध्याला मिळते तिथं पाहू लागला. सालीवर वरच्या बाजूला एक चीर होती, केसासारखी. चिरेतून डिंक ओघळला होता, ताजा, तांबूस. आणि चिरेतून मुंग्या बाहेर निघत होत्या, तोंडात पांढरी अंडी धरून, एकीमागं एक, भर पावसात. घर सोडून चालल्या होत्या.

"पाह्यल्या?" फारुख हळू म्हणाला.

जमुनाबाईनं पाहिल्या. पण बोलली ती वेगळंच. "मंग छाट ना. पन छाटशीन बी कसा? बाळंतिनीच्या डोक्यावर कुऱ्हाड वाजवतं का? बारा दिवस व्हायचे हायेत अजून. आन तूच म्हनतो ना, ओली जखम सडते?"

"सडू दे काकू. झाड सडलं तं झाड सडंल."

आतून आचलचा आवाज आला, बारीक. "आई, मी सांगत होती ना. रोज रात्री कर्रर्र करते. तू म्हने, टिन वाजते."

पावसाचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

आता कोणी म्हणेल, मग उचलावं आणि न्यावं पुढच्या खोलीत, त्यात काय? पण ते घर म्हणजे तीनच खोल्या. मागं ही टिनाची. मधे स्वयंपाकाची. आणि पुढच्या खोलीत देव. बाळ जन्मलं की घराला सोयर येते. कुठं कमी दिवस पाळतात, जमुनाबाईकडे पुरते बारा. तेवढे दिवस घरच्यांनी देवाला हात लावायचा नाही, आणि बाळंतिणीनं ना चुलीजवळ यायचं, ना देवाच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा. जमुनाबाईच्या सासूनं पाळलं, तिच्या सासूनं पाळलं. आणि जमुनाबाईचं पहिलं मूल सोयरीतच गेलं होतं. तेव्हा एवढंसं काही पाळायचं चुकलं होतं, असं सासू मरेपर्यंत म्हणत राहिली. खरं का खोटं देव जाणे, पण असं एकदा कानात शिरलं की निघत नाही.

"नाही," जमुनाबाई म्हणाली. "देवाच्या खोलीत नाही. माह्या हातून नाही होनार."

"मंग आमच्या घरी चाला."

"एवढ्या पावसात? ओल्या अंगानं? वारं लागलं म्हंजे?"

फारुख म्हणजे बाळंतिणीच्या गोष्टीत पुरुष माणूस, त्यातून परघरचा. तो टोपी काढून पिळत उभा राहिला, आणि वर पाहत राहिला. झुपका हलला, थांबला, पुन्हा हलला.

तेवढ्यात गुलनार आली. स्टँडवरच्या कोणीतरी तिला सांगितलं होतं की नवरा घर सोडून भलतीकडेच पळाला. हातात दोरी होती. ती कुठंही दोरीशिवाय जायची नाही. तिनं ऐकून घेतलं, वर पाहिलं, आणि आधी खोलीच्या दारात जाऊन बाळाकडे पाहून आली.

"पोरगी हाय का पोरगा?"

"पोरगी," जमुनाबाई म्हणाली.

"नाक तुमचंच हाय." मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जमुनाकाकू, एक इचारतो. पोरीले देवाजवळ न्यायचं नाही, बराबर?"

"बराबर."

"मंग देवाले हलवा ना. पोरगी ओली बाळंतीन, देव तं धडधाकट हाय."

जमुनाबाईचं तोंड उघडंच राहिलं. "मी हात नाही लावू शकत व, सोयर हाय. आन तू तं…"

"मी बी नाही लावत. नसती बिलामत." गुलनार म्हणाली. "पन या दिवसांत दिवा कोन लावते तुमच्या देवाजवळ?"

"पार्बताबाई."

पार्बताबाई समोरची शेजारीण, भावकीतली नव्हे, म्हणून तिला सोयर नाही. रोज सकाळ-संध्याकाळ तीच येऊन फूल वाहायची.

"झालं तं मंग," गुलनार म्हणाली. "फूल वाहते, तसे देव बी उचलंल."

जमुनाबाईच्या डोळ्यांत पाणी होतं की पाऊस, सांगता येत नव्हतं. मग तिनं गल्लीत जाऊन अशी हाक मारली की पार्बताबाई हातातल्या पिठासकट धावत आली.

"कोन गेलं?" पार्बताबाईनं विचारलं.

"कोनी नाही गेलं. देव घेऊन जाय."

"माय वं! काऊन? मी काय केलं?"

समजावण्यात वेळ गेला. मग पार्बताबाईनं हात धुतले, परातीत धुतलेलं वस्त्र घातलं, खंडोबा ठेवला, बाळकृष्ण ठेवला, अन्नपूर्णा ठेवली, वरून दुसरं वस्त्र घातलं, आणि छत्री धरायला कोणी नाही म्हणून स्वतः भिजत, देव कोरडे ठेवत, रस्ता ओलांडून गेली. जाताना पुटपुटत होती, "चाला देवा, दोन घास आमच्याइकडे."

आणि मग आचलला उठवलं. एका बाजूनं आई, एका बाजूनं गुलनार. बाळ गोधडीत. चुलीपासून अंग चोरत मधली खोली ओलांडली. उंबऱ्याशी आल्यावर जमुनाबाई थबकली. रिकाम्या देव्हाऱ्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. "आई, चाल ना व," आचल म्हणाली. तेव्हा कुठं तिनं पाय उचलला.

मागच्या अंगणात फारुख एकटा होता. त्यानं जमुनाबाईकडची शिडी पलीकडच्या बाजूनं बुंध्याला लावली. त्याचा विचार असा, की फांदी बुडापासून तोडायची नाही. ओल्या झाडाला एवढी मोठी जखम केली तर पावसाळाभर ती चिघळणार. टोकाकडचा झुपका तेवढा कमी करायचा, जिथं एखादी जाडसर बाजूची डहाळी निघते तिथपर्यंत मागं यायचं, म्हणजे वजन उतरेल आणि झाड पुन्हा आत पाला धरेल. ही अक्कल त्याला एस.टी.च्या खिडकीत आली होती, आणि उशिरा आलेली अक्कल किती कामाची, ते वर चढूनच कळणार होतं.

गुलनार परत आली, दोरीचा वेढा कमरेला घेतला. आज ती काहीच बोलत नव्हती. फारुख चार पायऱ्या चढला. हात फांदीला लावला.

आणि हाताखाली काहीतरी हललं. फांदी हलत नव्हती. फांदीच्या आत काहीतरी हलत होतं. शेळीच्या पोटावर हात ठेवल्यावर आतलं करडू जसं सरकतं, तसं.

"उतरा," गुलनार म्हणाली.

"फक्त टोक…"

"उतरो!" ती आपल्या घरच्या बोलीत किंचाळली आणि दोरी अशी ओढली की फारुख शिडीवरून घसरतच चिखलात आला. ती त्याला तशीच फरफटत भिंतीशी घेऊन गेली.

वारं आलं. मोठं नव्हतं. खुशालराव म्हणाले होते तसं, फुंकर घातल्यासारखं. झुपक्यातलं पाणी सगळं एकदम खाली सांडलं, एक लांब आवाज झाला, जुनं दार उघडावं तसा, आणि फांदी हळूच, अगदी सावकाश, टिनाच्या खोलीवर जाऊन बसली. टिन कागदासारखं दुमडलं. आतली बाज मोडल्याचा आवाज आला, मग शेगडीतले निखारे पाण्यात चर्र झाले, आणि भगदाडातून वाफ वर आली.

घराच्या पुढच्या बाजूनं बाळ रडायला लागलं. फारुख ते रडणं ऐकत चिखलात बसून राहिला. कुठलंही रडणं त्याला आयुष्यात इतकं गोड लागलं नव्हतं.

जमुनाबाई आली. तिनं खोली पाहिली. आभार वगैरे मानले नाहीत. ती म्हणाली, "माही लुगड्यांची पेटी होती त्यात." आणि मग भिंतीला धरून खाली बसली.

उठली तेव्हा तिचं ठरलं होतं. "पाडून टाक. सारं झाड पाड. मले नको हे आता."

फारुख बुंध्याकडे पाहत होता. फांदी जाताना साल खालपर्यंत सोलत गेली होती. पांढरं लाकूड उघडं पडलं होतं. "काकू, झाडाचा काय गुन्हा? बुड पक्कं हाय. बाकीच्या फांद्यांचं टोक उतरवतो, या जखमेच्या कडा साफ करतो. आतनं फुटवे येतीन, त्यायले कोनी हात लावायचा नाही. मी बी नाही."

"आन तुह्या बकऱ्या?"

"बकऱ्यायचं पाहीन."

"काय पाहशीन? डोमलं!" जमुनाबाई म्हणाली, पण आवाजातला जोर गेला होता. "ठेव मंग. पन पुन्हा कर्रर्र झालं तं मी स्वतः कुऱ्हाड घेईन."

तो पुन्हा चढला, पलीकडच्या बाजूनं. एकेक टोक बेतानं घेतलं. आधी खालून थोडी आरी, मग वरून, म्हणजे साल सोलत जाऊ नये. फांदी जिथं मोठ्या फांदीला मिळते तिथं सुजल्यासारखी वळी असते, ती वळी तशीच ठेवली, कारण झाड तिथूनच जखम झाकतं. हे त्याला इतकी वर्षं दिसत होतं आणि कामात घाई असल्यामुळे तो ते कापतच आला होता. काम संपत आलं तेव्हा आभाळ अजून खाली उतरलं होतं. अंधार नव्हता, पण दिवसही राहिला नव्हता.

खालून जमुनाबाईनं विचारलं, "फारुख, असे किती झाडं हायेत रे गावात? तुह्या हातचे?"

तो मनात मोजायला लागला आणि मोजणं सोडून दिलं. गल्लीच्या गल्ल्या होत्या. शाळेमागची आळी, तेल्याची आळी, दवाखान्याजवळची घरं. सगळीकडे साफ उघड्या फांद्या, टोकाला ओला झुपका, आणि खाली लोक उजेडात बसलेले. हवामानवाल्यांनी अजून पावसाचं सांगितलं होतं.

गुलनारनं दोरी हलकेच हलवली. "उतरा आता. मंजुषाकडे जावं लागंल."

"कोन मंजुषा?"

"दवाखान्याजवळची. आंब्याचं झाड हाय, तुमी गेल्या साली साफ केलं ते." पुढचं बोलताना तिनं वर पाहिलं नाही, दोरीच गुंडाळत राहिली. "तिनं ओसरीपुढं फांदीले पोराची झोळी बांधली हाय. वरून ताडपत्री टाकते, पाऊस असला तं. पोरगं तिथंच निजते."

फारुख उतरला. आरी पुसायला थांबला नाही. जमुनाबाईनं डोक्यावर घ्यायला पोतं दिलं तेही राहिलं तिच्याच हातात. दोघं चिखल तुडवत गल्लीच्या तोंडाशी पोचली, तेव्हा मागून पुन्हा वारं आलं, आणि अकोटातली सगळी झाडं एकदम वाकली.